मासा रंग बघतो की उजेड?

समजा, भोरजवळ भाटघरच्या जलाशयात दोन गळ टाकले : एकाला लाल तंगूस, एकाला हिरवा. हिरव्याला मासे जास्त लागले. म्हणजे माशाला रंग कळतो? थांबा! स्वच्छ पाणी लाल प्रकाश आधी शोषतं, त्यामुळे खोलवर लाल दोरा काळपटच दिसणार. मग फरक रंगाचा की उजेडाचा?

१९१०च्या दशकात हाच वाद होता. कार्ल फॉन हेस म्हणत, मासे रंगांधळे. कार्ल फॉन फ्रिश यांनी माशांना एका रंगापाशी खाणं शोधायला शिकवलं आणि मग तो रंग करड्याच्या अनेक छटांमध्ये ठेवला. अनेक का? आपल्याला सारखी उजळ वाटणारी छटा माशालाही तशीच वाटेल, याची खात्री नाही ना! मासे रंगाकडेच गेले.

म्हणून भाटघरला करडे तंगूसही हवेत; आमिष, खोली, वेळ तीच. आणि दोरा दिसला म्हणून मासा बिचकतोच का, हा प्रश्न वेगळा.