हप्ता घामाला नाही, उताऱ्याला मिळतो



“शेजाऱ्याच्या खात्यात दोन हजार आले, मग आमचंच घोडं कुठं अडलं?” हा सवाल पारगाव काय नि आसपासची गावं काय, सगळीकडे ऐकू येतो. डिंभ्याच्या पाण्यावर आपण घोडकाठी ऊस उभा केला. पण सरकारी मदत कष्ट बघून येत नाही; ती सात-बारावरचे नाव बघून येते. हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

केंद्राची पी. एम. किसान योजना फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झाली. वर्षाला 6,000 रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. राज्य शासनाने 2023 साली ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ आणून तेवढीच भर घातली. राज्याचा हप्ता केंद्राच्याच यादीवरून निघतो. म्हणजे एका यादीतून नाव गळाले की दोन्हीकडचे पैसे गेले!

नाव बहुधा कुठे गळते? घरचा कर्ता माणूस जातो, दिवस-कार्य होते, आणि उतारा तसाच राहतो. मागे राहिलेली बाई ऊस लावते, पाणी धरते, तोड आणते. पण कागदोपत्री ती शेतकरीच नसते. मयताच्या खात्यात हप्ते येत राहिले, तर ते पुढे परत भरावे लागतात. जमीन महसूल कायद्याप्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे देऊन अर्ज करावा, पोच घ्यावी, फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून बघावा. विधवा, मुलगे आणि मुली सारेच वारस आहेत. “तिचं नाव कशाला?” असे म्हणून आईचे नाव वगळू नये.

पुष्कळांना वाटते, कारखान्यात शेअरला वारसाचे नाव लावले म्हणजे झाले. तसे नाही. ती नोंद फक्त शेअरपुरती. सात-बारा त्याने बदलत नाही.

दुसरा गैरसमज वाटणीचा. 1 फेब्रुवारी 2019 नंतर वाटणी करून किंवा खरेदीने नाव चढले, तर त्यावर पी. एम. किसान मिळत नाही. वारसाने आलेल्या जमिनीला मात्र सूट आहे. नवरा, बायको आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब, त्यांना एकच लाभ. आयकर भरणारे यात बसत नाहीत. वाट्याने किंवा खंडाने कसणाऱ्यालाही नुसत्या कसण्यावर हा हप्ता नाही; ही या योजनेतली मोठी उणीवच म्हणायची.

उतारा नीट असूनही पैसे अडले, तर तीन गोष्टी तपासा : ई-केवायसी झाली आहे का, बँक खाते आधारला जोडले आहे का, आणि दोन्हीकडे नाव सारखे आहे का. शिवाय 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. तोही काढून ठेवा.

दोन्ही योजना मिळून वर्षाचे 12,000, म्हणजे महिन्याला हजार रुपये. बागायतदाराला ते किरकोळ वाटतील. पण एकट्या बाईच्या घरी त्यात किराणा भागतो, पोराची फी भरली जाते. आपल्या भावकीत असा उतारा अडला असेल, तर लागणीची गडबड सुरू व्हायच्या आत एक दिवस मोडा आणि तिच्याबरोबर तलाठी कार्यालयात जा.