खोली की शेजार?

ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात एमआयटीचे नवे विद्यार्थी बॅगा ओढत दाखल होतात. गेल्या काही दशकांत अनेकदा त्यांच्या स्वागताला लाकडी फळ्यांचे किल्ले उभे असायचे आणि कधी कधी तर चक्क रोलर कोस्टर. ईस्ट कॅम्पस या जुन्या डॉर्ममधल्या, म्हणजे वसतिगृहातल्या, मुलामुलींनी तो स्वतः करवती आणि ड्रिल चालवून उभारलेला असे. दुसऱ्या डॉर्मच्या अंगणात कुणी द्रवरूप नायट्रोजन ओतून आइस्क्रीम करून वाटत असे. या सगळ्या खटाटोपामागचा हेतू एकच: नव्यांनी आपल्याकडे राहायला यावं.

अमेरिकी विद्यापीठात प्रवेश पक्का झाला की पहिला फॉर्म येतो तो राहण्याचा. बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो आणि लगेच पुढच्या काही आठवड्यांत डॉर्मच्या पसंतीचा क्रम द्यायचा असतो. अठरा वर्षांचं पोर आणि त्याचे आईवडील मग खोलीचं क्षेत्रफळ, एसी, बाथरूम आणि भाडं यांचे तक्ते मांडून बसतात. त्या तक्त्यांत न मावणारी गोष्ट म्हणजे शेजार. ती निवडायचा हक्क विद्यार्थ्याचा की विद्यापीठाचा, यावर अमेरिकेतल्या नामांकित संस्थांचंही एकमत नाही.

एमआयटीने बराचसा हक्क विद्यार्थ्यांकडे ठेवला आहे. उन्हाळ्यात प्रत्येक डॉर्म स्वतःचा व्हिडिओ बनवतो, नवे विद्यार्थी ते पाहून पसंतीक्रम लावतात आणि सोडत निघते. कॅम्पसवर आल्यावर बेत बदलला तर डॉर्म बदलण्यासाठी अर्जही करता येतो. निवडण्याजोगं वैविध्य तिथे खरोखर आहे. १९४९ साली उघडलेला बेकर हाउस फिनलंडचा वास्तुशिल्पी आल्वार आल्तो याने रचला. चार्ल्स नदीच्या काठाने ही विटांची इमारत नागमोडी वळत जाते, त्यामुळे बहुतेक खोल्यांतून नदी दिसते आणि खोल्यांचे आकारही एकसारखे नसतात. याच बेकरच्या गच्चीवरून १९७२ पासून एक मोडका पियानो खाली ढकलण्याची प्रथा आहे. त्याचा मुहूर्त असतो नको असलेला विषय सोडून देण्याचा शेवटचा दिवस. २००२ मध्ये आलेला सिमन्स हॉल स्टीव्हन हॉल याचा. त्याला साडेपाच हजारांहून अधिक लहान चौकोनी खिडक्या आहेत आणि एकट्याच्या खोलीतसुद्धा नऊ.

मॅकॉर्मिक हॉलची गोष्ट वास्तुकलेपलीकडची आहे. एमआयटीत मुलींना प्रवेश होता, पण राहायची सोय तुटपुंजी असल्याने त्यांची संख्याही मोजकीच ठेवली जात होती. १९०४ साली तिथून जीवशास्त्राची पदवी घेतलेल्या कॅथरीन डेक्स्टर मॅकॉर्मिक यांनी स्वतःचे पैसे घालून मुलींसाठी डॉर्म बांधायला लावला. त्याचा पहिला टॉवर १९६३ मध्ये उघडला. गर्भनिरोधक गोळीच्या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्याही याच बाई. आजही तो डॉर्म मुलींचाच आहे.

डॉर्म पाहायला गेलेले पालक खिडकीतून बाहेर बघतात, पण वर्षभर आयुष्य ठरवतं ते स्वयंपाकघर. एमआयटीत बेकर, सिमन्स, मॅकॉर्मिक, मसीह अशा डॉर्मना स्वतःचं जेवणघर आहे आणि तिथे राहणाऱ्या नवागताला मेसची योजना घ्यावीच लागते. मॅकग्रेगर, न्यू हाउस, रँडम हॉल इथे आपापला स्वयंपाक करायचा. ओट्यापाशी भाजी परतताना ओळखी होतात, पण सामान आणणं, भांडी घासणं आणि फ्रिजमधल्या दुधावरून होणारे वादही त्यातच आले. काही डॉर्ममध्ये मांजर पाळायला परवानगी आहे. ॲलर्जी असलेल्याने डॉर्मच्या माहितीतली ही ओळ आधी वाचलेली बरी.

निवडीच्या या मोकळिकीला एमआयटीनेही दोनदा लगाम घातला. १९९७ मध्ये एका फ्रॅटर्निटीत, म्हणजे मुलांच्या निवासी मंडळात, अतिमद्यपानामुळे पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्याआधी नवागत थेट फ्रॅटर्निटीच्या घरात राहायला जाऊ शकत होते. २००२ पासून पहिलं वर्ष कॅम्पसवरच काढणं सक्तीचं झालं. दुसरी घटना सीनियर हाउसची. चाकोरीबाहेरच्या मुलांचा हक्काचा आसरा म्हणून हा डॉर्म ओळखला जाई. पदवी पूर्ण करणाऱ्यांचं कमी प्रमाण आणि अमली पदार्थांचा वापर ही कारणं देऊन प्रशासनाने २०१६ मध्ये तिथे नव्यांना मज्जाव केला आणि २०१७ मध्ये तो बंदच केला. तिथे राहणाऱ्यांनी याला कडाडून विरोध केला. आपल्यासारख्यांना सामावून घेणारी दुसरी जागा कॅम्पसवर नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

चार्ल्स नदीच्या त्याच काठावर थोडं वर असलेल्या हार्वर्डचा मार्ग उलटा. तिथे नवागताला डॉर्म निवडताच येत नाही. झोपायची वेळ, टापटीप, गोंगाट, आवडीनिवडी असा फॉर्म तो भरून देतो आणि कर्मचारी तो वाचून खोल्या वाटतात. जवळजवळ सगळे पहिल्या वर्षी हार्वर्ड यार्ड आणि त्याच्या आसपास राहतात. १७२० साली बांधलेल्या मॅसॅच्युसेट्स हॉलमध्ये खाली विद्यापीठाच्या अध्यक्षांचं कार्यालय आहे आणि वरच्या मजल्यावर पहिल्या वर्षाची मुलं. दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थी 'हाउस'मध्ये जातात. पूर्वी या हाउसना ठळक स्वभाव होते: ॲडम्स कलाकारांचं, एलियट बड्या घरच्यांचं, कर्कलंड खेळाडूंचं. आपल्यासारखेच आपल्याभोवती जमवायचे आणि तीन वर्षं त्यांच्यातच काढायची, हे हार्वर्डला खटकू लागलं. १९९६ पासून हाउस सोडतीने मिळतं; मित्रांचा छोटा गट एकत्र राहू शकतो, पण कुठे ते त्याच्या हातात नसतं.

अशा वाटणीचा एक प्रसिद्ध नमुना १९६५ चा. टेनेसीच्या सिनेटरचा मुलगा आणि टेक्ससहून आलेला एक फुटबॉलपटू हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षी समोरासमोरच्या खोल्यांत आले आणि पुढे रूममेट झाले. पहिला अल गोर, दुसरा पुढे हॉलिवूडमध्ये गाजलेला टॉमी ली जोन्स. २००० साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदासाठी गोर यांचं नाव मांडायला जोन्सच उभे राहिले.

मैत्री जमली की किस्सा होतो, पण परिणाम मोजता येतो का? डार्टमथ कॉलेजात नवागतांना रूममेट चिठ्ठी काढल्यासारखे मिळत. त्याचा फायदा घेऊन ब्रूस सॅसरडोट या अर्थशास्त्रज्ञाने एक अभ्यास केला आणि तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. रूममेटचा परिणाम गुणांवर दिसला, पण तो एका खोलीपुरताच. फ्रॅटर्निटीत जायचं की नाही, यावर मात्र रूममेटबरोबर सगळ्या डॉर्मचाही प्रभाव पडला. मुख्य विषय कोणता घ्यायचा, या निर्णयावर शेजाराची छाया पडलेली आढळली नाही.

समाजमाध्यमांमुळे या चिठ्ठीपद्धतीला आव्हान मिळालं. प्रवेश मिळाल्या मिळाल्या मुलं ऑनलाइन गटांत एकमेकांना शोधतात आणि आपल्यासारखाच रूममेट ठरवून टाकतात. ड्यूक विद्यापीठाने २०१८ मध्ये जाहीर केलं की नवागतांना आता रूममेट निवडता येणार नाही. वेगळ्या घरातला, वेगळ्या पैशाअडक्याचा, वेगळ्या वंशाचा कुणीतरी एका छताखाली यावा, हा त्यामागचा विचार.

इमारतीचा आराखडाही शेजार घडवतो. लांब कॉरिडॉर, दुतर्फा खोल्या आणि टोकाला सामायिक बाथरूम ही जुनी रचना आज कुणाला मोहात पाडत नाही. पण दात घासताना, टॉवेल खांद्यावर टाकून उभं राहिल्यावर मजल्यावरचा प्रत्येक चेहरा पहिल्याच आठवड्यात ओळखीचा होतो. बैठकीची खोली आणि स्वतंत्र बाथरूम असलेला स्वीट आरामाचा, पण दार लावलं की चौघांपुरतंच जग. माणसांना खोलीबाहेर काढायच्या कल्पनेचं टोक गाठलं ते चार्ली मंगर या अब्जाधीशाने. कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथल्या विद्यापीठासाठी त्यांनी अकरा मजली, सुमारे साडेचार हजार विद्यार्थ्यांचा डॉर्म सुचवला. त्यातल्या ९४ टक्के खोल्यांना खरी खिडकीच नव्हती. त्या जागी कृत्रिम उजेडाची चौकट. २०२१ मध्ये सल्लागार समितीतल्या एका वास्तुशिल्पीने राजीनामा दिला, गदारोळ झाला आणि २०२३ मध्ये विद्यापीठाने तो आराखडा बाजूला ठेवला.

मराठी घरांत हा विषय नवा आहे, कारण आपल्याकडे होस्टेल बहुधा मिळतं, निवडलं जात नाही. आयआयटी मुंबईत संस्थाच होस्टेल ठरवून देते. तरी तिथल्या 'विंगी'शी, म्हणजे एकाच विंगमध्ये राहिलेल्या मित्रांशी, जुळलेलं नातं किती चिवट असतं, हे तिथलेच माजी विद्यार्थी नितेश तिवारी यांच्या 'छिछोरे' या २०१९ च्या चित्रपटाने घराघरांत पोचवलं. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांना मात्र रटगर्समुळे हा फॉर्म चांगला परिचयाचा आहे. तिथला कॅम्पस रॅरिटन नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेला आहे आणि भागांमध्ये विद्यापीठाच्या बस धावतात. इंजिनिअरिंगचे वर्ग बुश भागात भरतात. त्या विद्यार्थ्याने पलीकडच्या काठावर डॉर्म घेतला तर सकाळच्या तासाला पोचण्याचं गणित बसच्या हाती जातं.

भारतातून थेट जाणाऱ्यांना फॉर्ममधली बारीक अक्षरं जास्त महत्त्वाची. बऱ्याच डॉर्ममध्ये मेणबत्ती, उदबत्ती आणि उघड्या कॉइलची शेगडी खोलीत चालत नाही. दिवाळीला बॅटरीवरच्या पणत्या लावाव्या लागतात. काही डॉर्म हिवाळ्याच्या सुट्टीत कुलूपबंद होतात, आणि तेव्हा पुण्याला परतणं परवडत नसेल तर कुठे राहायचं हे आधीच विचारून ठेवावं लागतं. दोघांच्या खोलीत तिसरा पलंग घालून केलेली 'ट्रिपल' स्वस्त पडते, पण टेबल खिडकीपाशी कुणाचं, यावरून पहिली खडाजंगी होते. शांतता पाळणारे, दारू-सिगारेट वर्ज्य असलेले मजले अनेक विद्यापीठांत वेगळे असतात आणि ते मागावे लागतात. फॉर्मवर 'तू किती वाजता झोपतोस' हे उत्तर आईने भरलं तर जुळणी आईच्या झोपेशी होते, हा निवास कार्यालयांतला जुना विनोद आहे. सप्टेंबरमध्ये खोली नकोशी झालीच, तर अनेक ठिकाणी पहिले काही आठवडे बदल गोठवलेले असतात. त्या मुदतीत मजल्यावरच्या रेसिडेंट ॲडव्हायझरकडे, म्हणजे देखरेखीसाठी नेमलेल्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याकडे, जाऊन बोलावं लागतं. तो दोघांना समोरासमोर बसवतो आणि दिवे कधी मालवायचे, पाहुणे किती वाजेपर्यंत, कुणाची कुठली वस्तू विचारून घ्यायची, असं सगळं कागदावर लिहून त्यावर दोघांच्या सह्या घेतो.