गोष्ट नसलेला माणूस

आजच्या भागात एक साधा प्रश्न घेऊ या : चित्रातल्या माणसाच्या मनात काय चाललंय, हे आपल्याला कळतं कशावरून?

राजा रविवर्मांची शकुंतला आठवा. पायातला काटा काढायच्या निमित्तानं ती मागे वळून पाहते. तिची ओढ आपल्याला लगेच कळते, कारण दुष्यंताची गोष्ट आपण आधीच ऐकलेली असते. आधुनिक चित्रातल्या माणसाला अशी गोष्ट नसते. कधी नावही नसतं. मग मनाचा सगळा भार शरीरावरच येतो.

तय्यब मेहता यांचं उदाहरण घेऊ. जन्म १९२५चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. १९४७च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी जमावाला एका माणसाला ठार मारताना पाहिलं. ते दृश्य त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. पुढे त्यांच्या चित्रांत कोसळणारा माणूस पुन्हा पुन्हा आला. त्यातल्या एका चित्राला १९६८मध्ये दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं.

आता गंमत पाहा. त्यांनी दंगल रंगवली नाही. जमाव नाही, सुरा नाही. नंतरच्या चित्रांत तर सपाट रंगांचे मोठे पट्टे आहेत आणि त्यांत वेडेवाकडे झालेले हातपाय. १९६९च्या सुमारास एक तिरकी रेघ आली आणि तिनं कॅनव्हासचे, आकृतीचेही तुकडे केले. पाय टेकायला जमीन नसल्यामुळे हा माणूस पडतच राहतो. भीती तोंडावर लिहावी लागत नाही. तोल गेल्याची जाणीव पाहणाऱ्याच्याच पोटात उठते. आणि दंगलीत जो प्रश्न आधी विचारला जातो, ‘कोण रे तू?’, तो इथे विचारताच येत नाही.

दुसरी वाट सुधीर पटवर्धनांची. १९४९चा जन्म, पुण्यात वैद्यकीय शिक्षण, मग ठाण्यात तीस वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ. शरीराच्या आत पाहणं हा त्यांचा रोजचा व्यवसायच. त्यांच्या चित्रांत कामगार, लोकलचे प्रवासी, हॉटेलात बसलेली माणसं दिसतात. इथे आकृती मोडत नाही, जड होते. खांदे उतरलेले, हात नुसते ठेवून दिल्यासारखे. गर्दीत अंगाला अंग लागतं, पण नजरा भेटत नाहीत. थकवा आणि एकटेपणा त्या वजनातूनच कळतो.

म्हणजे एकानं शरीराचा आधार काढून घेतला, दुसऱ्यानं त्याचं ओझं दाखवलं.

जबलपूरच्या मंडळींनी एक प्रयोग करावा. सदरच्या कॉफी हाउसमध्ये बसून समोरच्या अनोळखी माणसाच्या चेहऱ्याऐवजी पाठ, मान आणि हात पाहावेत. इतर गावच्यांना एसटी स्टँड चालेल. त्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. तरी तो कसा आहे, हे बरंचसं कळेल. चित्रं आपल्याला हेच शिकवतात : ओळख नसतानाही माणसाची दखल घेणं.