पंचवीस गुणांची आघाडी आणि माझी आंघोळ

६ फेब्रुवारी २०१७, सोमवार. पहाटे पाचला शाल गुंडाळून मी लॅपटॉपसमोर बसलो होतो. अमेरिकेत रविवारची संध्याकाळ होती आणि ह्यूस्टनमध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत सुरू होत होती: न्यू इंग्लंड पेट्रियट्स विरुद्ध अटलांटा फाल्कन्स. आमच्या प्रोजेक्टमधले बॉस्टनचे सहकारी आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हते, म्हणून मीही पेट्रियट्सच्या बाजूने.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, ६ गुण. त्यानंतर किक मारून १ गुण, किंवा जोखीम घेऊन आणखी एका प्रयत्नात २. टचडाउन जमत नसेल तर लांबून खांबांमधून किक मारायची, ३ गुण. खेळ ६० मिनिटांचा. फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही तर घड्याळ थांबतं. चेंडू घेऊन पळणाऱ्याला मैदानात पाडलं तर चालूच राहतं. हे शेवटचं लक्षात ठेवा.

तिसऱ्या सत्रात फाल्कन्स २८-३ ने पुढे गेले. तोवर सुपर बोलमध्ये १० पेक्षा जास्त गुणांच्या पिछाडीवरून कोणी जिंकलं नव्हतं. मी लॅपटॉप मिटला आणि आंघोळीला गेलो.

ऑफिसात पोचलो तर बॉस्टनच्या मेसेजेसचा पाऊस. पेट्रियट्स ३४-२८ ने जिंकले होते!

घरी सांगितलं तेव्हा बाबांचा विश्वास बसेना. "अरे, पंचवीस गुणांनी पुढे असलेले हरतात कसे?" शनिवारी आम्ही दोघांनी रेकॉर्डिंग पाहिलं.

पेट्रियट्सनी टचडाउन केला, पण पुढची किक चुकली: २८-९. चौथ्या सत्रात ३ गुण: २८-१२. फाल्कन्सना फक्त एक यार्ड हवा असताना मॅट रायन चेंडू फेकायला गेला आणि हायटावरने तो त्याच्या हातातून उडवला. त्यातून टचडाउन आणि वरचे २ गुण: २८-२०.

मग ज्युलियो जोन्सने कडेला अफाट झेल घेतला. फाल्कन्स पेट्रियट्सच्या २२ यार्डांवर, पाचपेक्षाही कमी मिनिटं उरलेली. तीनदा पळून घड्याळ चालू ठेवायचं, किक मारायची, ११ गुणांची आघाडी घ्यायची. पण ते एकदाच पळाले. मग पुन्हा फेकायला गेले, रायन १२ यार्ड मागे पाडला गेला, वर १० यार्डांची पेनल्टी. किक मारण्याइतके जवळ ते राहिलेच नाहीत.

पेट्रियट्सना ९१ यार्ड जायचं होतं. वाटेत तिघा बचावपटूंच्या गर्दीत एडलमनने जमिनीपासून काही इंचांवर चेंडू उचलला. तो झेल बाबांनी चारदा मागे घेऊन पाहिला. ५७ सेकंद राहिले असताना टचडाउन, पुन्हा २ गुण, २८-२८. सुपर बोलच्या इतिहासातली पहिली जादा वेळ. नाणेफेक पेट्रियट्सनी जिंकली. पहिल्याच चढाईत टचडाउन झाला तर सामना तिथेच संपतो, असा तेव्हा नियम होता. जेम्स व्हाइटने तो केला. फाल्कन्सच्या आक्रमणाला चेंडू मिळालाच नाही.

मी म्हणालो, "गाफील राहिले." बाबांनी मान हलवली. "गाफील नाही रे. ज्या खेळाने पुढे गेले तोच खेळत राहिले. आता आपल्याला धावा नकोत, षटकं संपवायची आहेत, हे कोणी त्यांना सांगितलं नाही."

आता आमचं रिलीज सुरळीत चाललं की मला बाबांचं वाक्य आठवतं आणि उरलेल्या वेळात नवीन काही घुसवायचा मोह मी आवरतो.

एक गोष्ट मात्र भरून निघाली नाही. बॉस्टनचा एक सहकारी अजूनही विचारतो, "एडलमनच्या झेलाच्या वेळी तू कुठे होतास?" मी अलकापुरीच्या सिग्नलला होतो, स्वच्छ आंघोळ करून.