तांब्याची तार आणि काचेचा तंतू

अमरावती-अकोल्याकडील एखाद्या सहकारी बँकेपुढे, रुग्णालयापुढे किंवा महाविद्यालयापुढे असा प्रश्न केव्हा तरी येतोच. नवा सर्व्हर घ्यावयाचा आहे. माहिती साठविणाऱ्या डिस्कांची पेटी, म्हणजे स्टोरेज, वेगळी ठेवावयाची आहे. तर ह्या दोहोंना जोडणारी केबल नेहमीच्या तांब्याची असावी की काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची? प्रश्न तांत्रिक दिसतो, म्हणून संचालक मंडळ तो दरपत्रक देणाऱ्यावरच सोपवून मोकळे होते. परंतु त्या पेटीत ठेवीदारांची खाती असतात, रोग्यांचे अहवाल असतात, मुलांच्या गुणपत्रिका असतात. आणि खर्च होणारा पैसाही अखेर लोकांचाच असतो. यास्तव हा विषय नागरिकांनीही समजून घेण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

फायबर म्हणजे वेगवान आणि तांबे म्हणजे मंद, असा एक समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तांब्याच्या केबलमधून विद्युत्-संदेशही जवळजवळ त्याच वेगाने जातो. भेद आहे तो संदेश किती दूरपर्यंत शाबूत राहतो ह्यात. तांब्यात तो अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतो. काचेतही पूर्वी होत असे. परंतु तो दोष काचेचा नसून तीतील अशुद्ध द्रव्यांचा आहे, हे चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली दाखवून दिले. पुढे शुद्ध काच तयार झाली आणि काव यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फायबरचा मोठेपणा वेगात नाही, पल्ल्यात आहे.

हा पल्ला आकड्यांनी पाहू. सेकंदाला दहा गिगाबिट माहिती न्यावयाची असेल, तर दोन्ही टोकांना जोडणी बसवूनच येणारी तांब्याची आखूड केबल पाच-सात मीटरपर्यंत चालते. 'कॅट-६ए' जातीची केबल शंभर मीटरपर्यंत चालते. 'ओएम-३' जातीचे फायबर तीनशे मीटर जाते, आणि एकपदरी प्रकाशाचे 'सिंगल मोड' फायबर दहा किलोमीटर व त्याहूनही पुढे जाते. म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज एकाच कपाटात असतील, तर तांब्याची आखूड केबलच बहुधा स्वस्त आणि पुरेशी होय. तिला वीजही थोडीच लागते. कॅट-६ए केबलच्या दहा गिगाबिटी जोडणीला मात्र अधिक वीज लागते, आणि ती वीज उष्णता होऊन बाहेर पडते. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, हे जाणणाऱ्यास त्याचे महत्त्व सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? एक फिरती डिस्क सेकंदाला साधारणतः दीडशे ते अडीचशे मेगाबाइट माहिती देते. दहा गिगाबिटची वाट सेकंदाला हजारावर मेगाबाइट नेऊ शकते. डिस्का दोन-तीनच असतील, तर ती वाट बहुतांशी मोकळीच राहणार. एक टेराबाइटचा बॅकअप एक गिगाबिटच्या वाटेने सुमारे अडीच तास घेतो, दहा गिगाबिटच्या वाटेने पाव तास. पण डिस्का तेवढ्या वेगाने देतील आणि घेतील तरच.

मधला स्विच जुना असला तरी तीच गत. आमच्या शकुंतला रेल्वेचे उदाहरण घ्या. अचलपूरचा, यवतमाळचा कापूस अरुंद रुळांवरून मुर्तिजापूरपर्यंत येई, आणि तेथे उतरवून मोठ्या गाडीत भरल्यावाचून मुंबईची वाट धरू शकत नसे. पुढचे रूळ कितीही रुंद असोत, वेळ ठरे तो मुर्तिजापूरला. म्हणून केबलआधी वाटेवरचे मुर्तिजापूर कोठे आहे, ते शोधावे. दरपत्रकात 'फायबर चॅनल' हे नाव दिसल्यास फसू नये. ती माहितीच्या वाहतुकीची एक पद्धत आहे, आणि ती तांब्यावरूनही चालते.

फायबर जेथे निःसंशय घ्यावे, ती जागा म्हणजे दोन इमारतींमधली. वऱ्हाडात मृगाच्या आधीपासून विजा कडाडू लागतात. जवळपास वीज कोसळली, तर इमारतींमधल्या तांब्याच्या तारेवाटे तिचा धक्का दोन्हीकडच्या यंत्रांपर्यंत पोचू शकतो. काच विजेची वाहकच नाही. परंतु उंदीर-घुशींपासून रक्षणासाठी पोलादी कवचाचे फायबर घेतले, तर ते कवच मात्र वाहक असते; इमारतीत शिरताना त्याचे अर्थिंग केलेच पाहिजे. फायबरची टोकेही स्वच्छ राखावी लागतात. सिंगल मोड फायबरचा प्रकाशवाही गाभा अवघा नऊ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. धुळीचा एक कणही त्याची वाट अडवितो.

शेवटी दूरची गोष्ट. अमरावतीच्या माहितीची प्रत अकोल्यात असणे शहाणपणाचे आहे. एका गावावर आपत्ती आली तरी दुसरीकडे नोंद राहते. एवढ्या पल्ल्याला फायबरच हवे. तरीही सुमारे शंभर किलोमीटर जाऊन परत येण्यास संदेशाला निदान एक सहस्रांश सेकंद लागणारच. हा वेळ अल्प वाटतो, पण चपळ फ्लॅश डिस्क त्याच्या दहाव्या हिश्श्यात उत्तर देते. प्रत्येक नोंदीस अकोल्याच्या होकारासाठी थांबविले, तर अमरावतीचे काम रेंगाळेल. म्हणून सामान्यतः नोंद प्रथम जागच्या जागी करावी आणि प्रत मागाहून धाडावी. मात्र मधल्या क्षणांतली किती माहिती गमावणे आपणांस परवडेल, हे आधी ठरवावे. पैशाच्या व्यवहारात ते फारच थोडे असते.

तेव्हा प्रश्न काच की तांबे असा नाहीच. अंतर किती, डिस्का किती देतात, वाट कोठे अडते आणि वीज कोठून शिरेल, हे चार प्रश्न संचालकांनी सभेत विचारावे. त्यांची उत्तरे मिळाली की केबल कोणती हे आपोआप ठरते, आणि लोकांचा पैसा व लोकांच्या नोंदी दोन्ही राखल्या जातात.