काळ्या न पडणाऱ्या ग्रंथी

कर्करोगाचा रुग्ण बहुधा दगावतो तो मूळ गाठीपासून सुटून अन्यत्र रुजलेल्या पेशींमुळे. पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजेच प्रोस्टेटच्या, कर्करोगात या पेशींचा पहिला मुक्काम पुष्कळदा ओटीपोटातील लसीका ग्रंथींत पडतो. तेथे त्या पोहोचल्या आहेत किंवा नाहीत, यावर उपचारांची सारी दिशा अवलंबून असते. परंतु हे ओळखण्याचे जुने गमक मोठे ओबडधोबड होते: प्रतिमेत ग्रंथी सुमारे एक सेंटिमीटरहून मोठी दिसली, तर ती रोगग्रस्त समजावयाची. वस्तुतः साध्या दाहानेही ग्रंथी सुजते, आणि रोग शिरलेली ग्रंथी कित्येकदा मुळीच वाढलेली नसते.

यावर निघालेला उपाय काहीसा उफराटा आहे. लोहाच्या ऑक्साइडचे, डेक्स्ट्रान या शर्करेचे आवरण असलेले, सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाचे कण शिरेतून देतात. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) हे कण केशवाहिन्यांतून पाझरून लसीकेबरोबर ग्रंथींत पोहोचतात व तेथील भक्षक पेशी त्यांना परके समजून गिळून टाकतात. दिवस-दीड दिवसाने एम.आर.आय. यंत्राने प्रतिमा घेतली असता, लोहाच्या चुंबकीय प्रभावामुळे निरोगी ग्रंथी काळवंडलेली दिसते. जेथे भक्षक पेशींची जागा कर्कपेशींनी बळकावली आहे, तो भाग मात्र उजळच राहतो. कण निरोगी ऊतक तेवढे रंगवितात. कोरा उरतो तो रोग.

अमेरिकेतील बोस्टन व नेदरलँड्समधील नायमेगेन येथील वैद्यांनी ८० रुग्णांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ३३४ ग्रंथींपैकी ६३ रोगग्रस्त निघाल्या. त्यांतील ४५ प्रतिमांच्या नेहमीच्या निकषांनी निर्दोष ठरल्या असत्या! साध्या एम.आर.आय.ने रोगग्रस्त ग्रंथींपैकी शेकडा ३५ ओळखता आल्या, तर कणांच्या साहाय्याने शेकडा ९०. अतिसूक्ष्म रोगबीजे याही प्रतिमेतून निसटतात, हे अर्थात ध्यानात ठेवावयास हवे.

इतके होऊनही फेरुमॉक्सट्रान नावाच्या या द्रव्याची वाट सुकर झाली नाही. २००७ मध्ये युरोपातील परवान्यासाठी केलेला अर्ज मागे घेण्यात आला. पुढे नायमेगेन येथील विद्यापीठ रुग्णालयाने ते पुन्हा वापरात आणले. नेहमीच्या किरणक्षेत्राबाहेर पडलेली एखादी रोगग्रस्त ग्रंथी अशा प्रतिमेत उजळ दिसली, तर किरणांचा रोख तिच्यापर्यंत नेता येतो.