काचेलाही कावीळ होते!

कावीळ माणसाला होते हे तुम्हांला ठाऊक आहे. पण काचेलाही कावीळ होते, असं कुणी सांगितलं तर?

कधी कधी पित्तनलिकेत खडा अडकतो आणि रोगी पिवळा पडतो. मग डॉक्टर तोंडावाटे एक लवचीक दुर्बीण थेट आतड्यापर्यंत सरकवतात. जुन्या पद्धतीच्या अशा दुर्बिणीत केसाहून बारीक काचतंतूंची जुडी असते, हजारो तंतूंची! (अशा जुडीतून चित्र पाठवता येतं हे पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह १९५४ साली लंडनमध्ये दाखवून दिलं.) प्रकाश तंतूच्या आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. तंतू वळला तरी बाहेर सांडत नाही.

पण खडा तर आतड्याच्या भिंतीपलीकडे, नलिकेत! तो दिसायचा कसा? त्यासाठी क्ष-किरण लावावे लागतात. रोग्याबरोबर दुर्बिणीवरही ते पडतात. एकदोनदा पडले तर काही बिघडत नाही. पण असे कितीतरी रोगी तपासून झाले, की काच पिवळी पडू लागते, पुढे तपकिरी होते.

का बरं? क्ष-किरण काचेतल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे करतात. काचेची रचना काही अगदी बिनचूक नसते, तिच्यात बारीकसारीक उणिवा असतात. हे इलेक्ट्रॉन तिथे अडकून बसतात. अशा जागा निळा-जांभळा प्रकाश गिळतात. पांढऱ्यातून निळा गेला की उरतो पिवळा.

खिडकीची काच जेमतेम ४ मिलिमीटर जाड. दुर्बिणीतला तंतू मीटरभर लांब. म्हणजे २५० काचा एकापाठोपाठ ठेवून पाहण्यासारखंच झालं! म्हणून थोडासा डागही भोवतो. आतली सूज, चट्टा, रक्त हे सारं डॉक्टर रंगावरून ओळखतात; नजरच पिवळी झाली तर निदान चुकायचं.

काच तापवली किंवा तिच्यातून प्रखर प्रकाश सोडला, तर रंग थोडाफार उतरतो. शुद्ध सिलिकाचे तंतू जास्त टिकाव धरतात. आता बऱ्याच दुर्बिणींच्या टोकाशी चिमुकला कॅमेराच असतो.

कॅन्सरच्या किरणोपचारात मात्र तंतू वेगळ्याच कामाला लावतात. त्याच्या टोकाशी किरण पडताच चमकणारा इवलासा तुकडा बसवतात. चमक जितकी, तितकी किरणांची मात्रा. पण इथेही एक खोडी आहे. तीव्र किरणांत तंतू स्वतःच निळसर उजेड देतो. याला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. तो आधी वजा करावा लागतो, नाहीतर मात्रा आहे त्यापेक्षा जास्त दिसते.